लॅपटॉपमुळे डोकं ठणकतं, काम सोडून देऊ का?

डॉक्टर, नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ४३. मिस्टर मुंबईला नोकरीला असतात. गावी मी, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. मुंबईतल्या एका ऑफिसचं हिशेबाचं काम मी घरून करते. आंब्याच्या हंगामात गावातल्या बागायतदारांची वाशीला गेलेल्या पेट्यांची बिलंही टॅलीत भरून देते. दिवसाचे आठ-नऊ तास लॅपटॉपसमोर जातात. नेटवर्क फक्त पडवीत येतं, म्हणून तिथेच खळ्याकडे तोंड करून बसते.

गेल्या पावसाळ्यापासून दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, मधेच पाणी येतं, अक्षरं पुसट होतात. संध्याकाळी भुवयांच्या वर ठणका लागतो आणि मान आखडते. गणपतीत पाच दिवस लॅपटॉप उघडला नव्हता, तेव्हा काही झालं नाही. दिवाळीनंतर दुखणं वाढलं म्हणून मेडिकलमधून गोळी आणते. आता आठवड्यातून पाच दिवस तरी घ्यावी लागते. हल्ली रविवारी काम नसलं तरी सकाळपासून डोकं जड असतं. ऑनलाइन ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारा चष्मा मागवला, नंबर नसलेला. फरक पडला नाही. मेडिकलवाल्यानं डोळ्यात घालायला थेंब दिले, ते घातले की दोन दिवस बरं वाटतं.

सासूबाई म्हणतात, पैशापायी डोळे घालवशील, सोड ते काम. काम सोडणं परवडणारं नाही. पण खरंच डोळे जातील का? मुलगाही दिवसभर मोबाइलवर लेक्चर बघतो, त्याचीही काळजी वाटते.

– एक वाचक, देवगड तालुका

ताई,

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ती भीती मनात असताना बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. लॅपटॉपवर काम करून डोळे जात नाहीत. मोठ्या माणसाला स्क्रीनकडे बघून मोतीबिंदू होत नाही, काचबिंदू होत नाही, डोळ्याचा पडदाही खराब होत नाही. भरलेली घागर हातात धरून तासभर उभं राहिलं तर हात भरून येतो, खाली ठेवली की उतरतो, हात काही निकामी होत नाही. तुमच्या डोळ्यांचं तसंच आहे. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांची काळजी रास्त आहे, कारण रोज संध्याकाळी सून कपाळ दाबून बसलेली त्या बघतात. पण त्यावर काम सोडणं हा उपाय नाही.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या. गणपतीत लॅपटॉप बंद होता तेव्हा डोकं दुखलं नाही, आणि आता रविवारीही दुखतं. म्हणजे सुरुवातीचं दुखणं डोळ्यांच्या आणि मानेच्या ताणाचं होतं. त्यावर आता दुसरं दुखणं चढलंय, आणि माझ्या अंदाजानं ते त्या गोळीचं आहे. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते वेगवेगळे आहेत. एकाच गोष्टीनं सगळं जाईल असं समजू नका.

आधी डोळ्यांबद्दल. आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. प्रत्येक वेळी डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो आणि नजर स्वच्छ राहते. स्क्रीनवरचे आकडे बघताना हे लवणं निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतं. शिवाय पापणी अर्धवटच खाली येते, पूर्ण मिटत नाही. मग तो थर जागोजागी तुटतो, डोळा टोचतो आणि अक्षर पुसट होतं. तुम्ही लिहिलंय की मधेच पाणी येतं. कोरडा डोळा आणि पाणी, हे ऐकून लोक गोंधळतात. पण डोळा कोरडा पडला की तो चिडतो आणि एकदम भसकन पाणी सोडतो. त्या पाण्याला टिकाऊपणा नसतो, ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडा होतो.

आपल्याकडची हवा इतकी दमट, मग डोळे कोरडे का पडावेत, असं मला पुष्कळ जण विचारतात. कारण बहुतेकदा पंखा असतो. उकाड्यात टेबलफॅन थेट तोंडावर लावून बसायची आपल्याला सवय. तो वारा तासन् तास उघड्या डोळ्यांवरून जातो आणि पाणी सुकवतो. मे महिन्यात देवगडात पंखा बंद करून बसा असं मी सांगणार नाही. त्याची दिशा बदला. तो पाठीमागून किंवा बाजूनं, कमरेच्या खाली लागेल असा ठेवा. दुसरं कारण धूर. न्हाणीतली आंघोळीच्या पाण्याची चूल पावसाळ्यात ओल्या लाकडांवर पेटवताना सकाळी अर्धा तास डोळे चुरचुरतात, आणि त्याच डोळ्यांनी नऊ वाजता कामाला बसायचं. ते काम काही महिने मुलाला करू द्या. संध्याकाळी टेबलाखाली डासांची अगरबत्ती जळत असेल तर तीही दूर ठेवा. तुमच्या वयात पाळीच्या चक्रात बदल सुरू होतात, तेव्हाही डोळे कोरडे होण्याकडे कल असतो. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा वाढतो, त्यातली एखादी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमच्या चष्म्याबद्दल, कारण माझ्या मते मूळ दुखणं इथे आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग हळूहळू ताठर होत जातं आणि जवळचं स्पष्ट बघायला डोळ्याच्या आतल्या स्नायूला जास्त जोर लावावा लागतो. ४३ व्या वर्षी हा जोर लावून काम भागतं, म्हणून तुम्हाला वाटतं की मला चष्म्याची गरज नाही. पण आठ तास तो स्नायू आवळलेला राहतो. दुपारपर्यंत तो रेटतो, मग थकतो. संध्याकाळी भुवयांच्या वर ठणका येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. त्यात थोडा तिरका नंबर असेल, म्हणजे सिलिंडरचा, आणि तो आजवर कुणी बघितलाच नसेल, तर ताण आणखी वाढतो. असा लहानसा नंबर दूरचं बघताना जाणवतही नाही.

ब्लू कट चष्म्यानं फरक पडला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये या चष्म्यांच्या १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. डोळ्यांचा थकवा कमी करण्यात साध्या काचेपेक्षा या काचांचा काही जास्त उपयोग दिसला नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटनाही कॉम्प्युटरसाठी असे चष्मे सुचवत नाही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश उन्हातल्या निळ्या प्रकाशाच्या मानानं फारच थोडा असतो. खळ्यात दहा मिनिटं उभं राहिलं तरी त्याहून कितीतरी जास्त डोळ्यांत जातो. तुमचा पैसा गेला तो गेला. पण हा चष्मा लावलाय म्हणजे डोळ्यांची सोय झाली, असं वाटून खऱ्या तपासणीला तुम्ही इतके महिने उशीर केलात, हे मला जास्त लागतं.

म्हणून येत्या आठवड्यात डोळे नीट तपासून घ्या. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणीचा वार कोणता ते विचारून जा, नाहीतर ओरोसला जिल्हा रुग्णालय आहेच. कणकवलीला किंवा रत्नागिरीला जाणं होणार असेल तर तिथल्या नेत्रतज्ज्ञांना दाखवा. फक्त एक काम घरून करून जा. रोज बसता तसं बसा आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मुलाला टेपनं मोजायला सांगा. ते लिहून न्या. जवळचा नंबर काढताना वाचनाचा तक्ता साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरतात. लॅपटॉप असतो ५० ते ६५ सेंटिमीटरवर. पुस्तकासाठी दिलेला नंबर लॅपटॉपला लागू पडेलच असं नाही. अंतर सांगितलं तर तपासणारा त्या अंतराला नेमका नंबर देऊ शकतो. कामाच्या वेळी लावायला असा वेगळा एक चष्मा घेणं तुमच्यासारखं काम करणाऱ्या माणसाला परवडतं.

दुकानात दोन भागांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा घ्या असं सांगतील. बाहेर वावरायला तो उत्तम. पण त्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्यामुळे स्क्रीन वाचायला हनुवटी वर करावी लागते. दिवसभर मान अशी मागे टाकून बसलं की मानेचे स्नायू आखडतात, आणि तिथला ठणका डोक्याच्या मागून वर चढत कपाळापर्यंत येतो. चष्मा नवीन घेतल्यावर डोकं जास्त दुखायला लागलं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी बसून दाखवायला सांगतो. हनुवटी वर गेली की कारण कळतं.

तपासणीत डोळ्याचा दाब आणि पडदाही बघायला सांगा. ते स्क्रीनसाठी नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं ते बघून घ्यावं, विशेषतः घरात कुणाला काचबिंदू असेल तर. मधुमेह असेल तर पडदा दर वर्षी बघायलाच हवा.

आता पडवी. पत्र वाचताना तुमची बसायची जागा माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. समोर खळं, त्यावर ऊन, आणि त्या उजेडाच्या पुढ्यात लॅपटॉप. दुपारी ते खळं स्क्रीनच्या कितीतरी पट उजळ असतं. डोळ्याची बाहुली त्या उजेडानं आक्रसते, आणि तेवढ्यात तुम्हाला स्क्रीनवरचे बारीक आकडे वाचायचे असतात. पाठ खळ्याकडे करून बसलात तर तेच ऊन स्क्रीनवर चकाकेल. उजेड डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं टेबल काटकोनात फिरवा. एवढ्यानं निम्मं काम होतं, आणि खर्च काही नाही. पडवीच्या कौलांत काचेचं कौल बसवलेलं असेल तर तेही बघा. त्यातून येणारा उन्हाचा पट्टा दिवसभर सरकत जातो, सकाळी भिंतीवर असलेला दुपारी स्क्रीनवर येतो. त्या कौलाखाली एखादं जुनं पांढरं कापड ताणून बांधलं तर उजेड राहतो आणि पट्टा जातो.

नेटवर्कचा प्रश्न मला कळतो. पण नेटवर्क मोबाइलला लागतं, तुम्हाला नाही. मोबाइल पडवीतल्या खांबाला पिशवीत टांगून ठेवा, हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप घेऊन ओटीवर किंवा आतल्या खोलीत बसून बघा. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे सिग्नल कमी होतो, म्हणून फार आत नको, दारालगत बसा. मोबाइल हाताशी नसल्याचा आणखी एक फायदा पुढे सांगतो.

पावसाळ्यात गणित उलटं होतं. पडवीला झडीसाठी ताडपत्री बांधली की भर दुपारी तिन्हीसांजा होतात, आणि त्या अंधारात पांढरी स्क्रीन डोळ्यांवर येते. तुमचा त्रास पावसाळ्यात सुरू झाला तो यामुळेच असावा असं मला वाटतं. खोलीत दिवा लावा, पण स्क्रीनच्या मागे किंवा बाजूला, बल्ब थेट डोळ्यांत दिसणार नाही असा. स्क्रीनचा उजेड किती ठेवायचा याची सोपी परीक्षा आहे. वहीचा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा. स्क्रीन कागदापुढे दिव्यासारखी लखलखत असेल तर उजेड कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा. दोन्ही जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. ऊन-सावलीप्रमाणे दिवसातून दोन-तीनदा हे बदलावं लागेल. लाइट गेल्यावर बॅटरी वाचवायला उजेड अगदी मंद करून अंधारात बिलं भरत बसणं मात्र टाळा. थकलेली ट्यूब लुकलुकत असेल तर आजच बदला, अशा लुकलुकत्या उजेडानं काहींचं डोकं हमखास उठतं.

काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं ठेवली तर डोळ्यांना आराम पडतो असं सगळीकडे सांगतात. ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे त्यांना अशी अक्षरं कडेनं पसरल्यासारखी दिसतात. तुमचा नंबर कळेपर्यंत पांढऱ्यावर काळं तेच बरं.

अक्षरं मोठी करा. हे इतकं साधं आहे की लोक करत नाहीत. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेचं स्केल १२५ टक्के केलं की सगळंच मोठं दिसतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं तरी चालतं. सातबारासारख्या सरकारी पानांवर मराठी जोडाक्षरं आणि मात्रा बारीक ठशात एकमेकांत घुसतात, तिथे तर हे करायलाच हवं. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट लांब उभं राहून अक्षर कसंबसं तरी वाचता आलं, म्हणजे आकार पुरेसा आहे असं समजा.

आणि ती बिलं! आंब्याची पावती पुस्तकं टेबलावर आडवी पडलेली, कार्बनची फिकट निळी प्रत, हातानं लिहिलेला दर आणि पेट्यांचा आकडा. खाली वाकून वाचायचं, वर बघून भरायचं, पुन्हा खाली. प्रत्येक वेळी मान वळते आणि डोळ्याला नव्यानं अंतर जुळवावं लागतं. दिवसात हे किती वेळा होत असेल! पावती पुस्तक स्क्रीनला लागून, स्क्रीनइतक्याच अंतरावर उभं करा. लाकडी पाट भिंतीला टेकवून त्याला चिमट्यानं पान लावलं तरी पुरे. पानावर उजेड पडेल एवढं बघा. बागायतदाराला मूळ प्रत द्यायला सांगता आली तर फारच छान. मला तर वाटतं की हंगामात तुमचा त्रास वाढत असेल तर त्यात लॅपटॉपपेक्षा या कार्बन प्रतींचा वाटा मोठा आहे.

लॅपटॉपची उंचीही बघू. तो टेबलावर ठेवला की स्क्रीन फार खाली जाते आणि मान वाकते. खाली दोन पाट ठेवून तो उचला, आणि टाइप करायला वेगळा कीबोर्ड जोडा, काही शे रुपयांत मिळतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, त्याहून वर नको. नजर किंचित खाली असली की पापणीनं डोळा जास्त झाकला जातो आणि कोरडेपणा कमी होतो. दोन भागांचाच चष्मा लावून काम करणार असाल तर स्क्रीन आणखी थोडी खाली घ्या.

२०-२०-२० हा नियम तुम्ही ऐकला असेल. दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद बघायचं. जेफ्री अँशेल या अमेरिकेतल्या ऑप्टोमेट्रिस्टनी, म्हणजे डोळे तपासून नंबर देणाऱ्या तज्ज्ञांनी, तो लोकांना लक्षात राहावा म्हणून मांडला. त्यातल्या आकड्यांत काही जादू नाही. २० फूट म्हणजे सहा मीटर, त्यापलीकडे बघताना आतल्या स्नायूला जवळजवळ काहीच जोर लावावा लागत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. तुमच्या ओटीवरून खळ्यातली तुळस साधारण तेवढ्या अंतरावर असेल, माडाचे शेंडे तर नक्कीच त्यापलीकडे. तिकडे बघताना चार-पाच वेळा डोळे सावकाश, पूर्ण मिटा, वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे. तासातून एकदा उठाच. विहिरीपर्यंत जाऊन या, पाणी प्या, मान आणि खांदे सैल करा. आता मोबाइल पडवीत टांगायचा दुसरा फायदा: या विश्रांतीत तो हातात येणार नाही. लॅपटॉपवरून नजर काढून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर तो स्नायू आणखी जोरात आवळला जातो, कारण मोबाइल लॅपटॉपपेक्षाही जवळ धरला जातो.

गोळीबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. आठवड्याला पाच म्हणजे तुमच्या महिन्याला २० च्या वर होतात, आणि दिवाळीपासून हे चालू आहे. गोळीचा असर उतरला की डोकं जड होतं, म्हणून पुन्हा गोळी, असं ते फिरत राहतं. रविवारची सकाळ त्यामुळेच बिघडली असावी. शिवाय यातल्या बऱ्याच गोळ्या पोटात आम्लपित्त वाढवतात, रक्तदाब चढवतात आणि मूत्रपिंडावर भार टाकतात.

गोळीची रिकामी पट्टी घेऊन तुमच्या गावच्या डॉक्टरांकडे जा. त्यात नेमकं काय आहे ते बघून ती एकदम थांबवायची की हळूहळू, हे ते सांगतील. थांबवल्यावर पहिले काही दिवस, कधी दहा दिवसांपर्यंत, डोकं आधीपेक्षा जास्त दुखू शकतं. हे आधी माहीत असलं म्हणजे घाबरून पुन्हा गोळीकडे हात जात नाही. वाशीला गाड्या सुटायच्या धामधुमीत हे करू नका, कामाचा जोर ओसरेल तो आठवडा निवडा. त्याच खेपेला रक्तदाब मोजून घ्या आणि हिमोग्लोबिन तपासा. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात लिहीत जा: दुखलं का, किती वाजता, त्या दिवशी दुपारचं जेवण वेळेवर झालं का, झोप किती. एका बाजूलाच ठणकतं, मळमळतं, उजेड-आवाज नकोसा होतो, अशी नोंद वारंवार दिसली तर ती अर्धशिशी असू शकते. तिची औषधं वेगळी आहेत आणि चांगली आहेत. बायका कामाच्या नादात सकाळच्या पेजेवर दुपारी तीनपर्यंत काढतात आणि मग दोन कप चहा घेतात. तुमच्याकडे असं होत असेल तर तेही डोकेदुखीचं कारण आहेच.

आणि ते थेंब आजपासून बंद. घातल्याबरोबर दोन दिवस बरं वाटतं, या वाक्यानं मला चिंता वाटली. त्यात स्टेरॉइड असेल तर आराम पडतो, पण महिनोन् महिने घातले की डोळ्याचा दाब वाढतो, आणि दाब वाढलेला माणसाला कळत नाही. काचबिंदू, मोतीबिंदू अशानं होतात. तुमच्या डोळ्यांना खरा धोका स्क्रीनचा नाही, या बाटलीचा आहे. ती बाटली तपासणीला बरोबर न्या, मी दाब बघायला सांगितला त्याचं हेही एक कारण. कोरडेपणासाठी नुसते ओलावा देणारे थेंब मिळतात, ते तपासणारे डॉक्टर लिहून देतील. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे थेंब टिकवायला घातलेलं रसायन, नसलेले मागा, आणि बाटली उघडून महिना झाला की सहसा टाकून द्यायची असते. गुलाबपाणी, मध, तूप यातलं काहीही डोळ्यांत नको, ते जंतुविरहित नसतं. घरगुती उपाय करायचाच तर स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळून रात्री पाच-दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या मोकळ्या होतात आणि अश्रूंचा थर लवकर सुकत नाही.

मुलाचा नंबर तुमच्या बरोबरच तपासून घ्या. लेक्चर मोबाइलवर बघण्यापेक्षा तुमचा लॅपटॉप मोकळा असेल तेव्हा त्यावर बघू दे. वाढत्या वयात जवळचं फार बघितल्यानं लांबचं कमी दिसण्याचा नंबर वाढू शकतो, आणि दिवसा बाहेर उजेडात घालवलेला वेळ त्याला आळा घालायला मदत करतो, हे लहान मुलांत तर चांगलंच दिसून आलंय. बारावी असली तरी संध्याकाळी तासभर त्याला मैदानावर नाहीतर किनाऱ्यावर जाऊ द्या.

काही लक्षणं अशी आहेत की त्यांत टेबल फिरवत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डोळा लाल होऊन भयंकर दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलटी. अचानक दिसेनासं होणं, किंवा एकाची दोन दिसणं. डोळ्यापुढे विजेसारखे लोळ, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटणं. आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी क्षणात सुरू होणं. तापाबरोबर मान ताठ होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. पहाटे डोकेदुखीनं जाग येऊन उलट्या होत असतील तर तेही डोळ्यांच्या ताणाचं लक्षण नाही. सासूबाईंसाठी एक सांगतो: पन्नाशीनंतर नव्यानं डोकेदुखी सुरू झाली आणि केस विंचरताना कानशील दुखतं, चावताना जबडा दुखतो, असं असेल तर तेही लगेच दाखवायचं, त्यात नजर जाण्याचा धोका असतो.

थेंब आजच थांबवा. टेबल, पंखा, अक्षरांचा आकार आणि पावती पुस्तक यांचं आज-उद्या करून टाका, त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. डोळे या आठवड्यात तपासा, गोळी गावच्या डॉक्टरांशी बोलून थांबवा. नवीन चष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे जातात, तेवढा धीर धरा. चष्मा लागून आणि गोळी थांबून सहा आठवडे झाले तरी कॅलेंडरवरचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले नाहीत, तर मग डोळ्यांमागे लागू नका. ते कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि ओरोसला किंवा कणकवलीला एम. डी. मेडिसिन डॉक्टरांना नेऊन दाखवा.